निळ्या डबीतला लाल्या

मी एक जुना फिल्टर आहे. चहा गाळायचा नव्हे आणि नळाला लावायचाही नव्हे. मी उजेड गाळतो.

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्ही म्हणाल, हा तर नुसता काचेचा गोल तुकडा! काळ्या धातूच्या कड्यात बसवलेला, बाटलीच्या बुचापेक्षा थोडा मोठा. वरून पाहिलं तर मी आरशासारखा चमकतो. त्यामुळे लहान मुलं मला हातात घेतात तेव्हा आधी केस नीट करतात आणि मग विचारतात, "हे काय आहे?" मला त्याचा राग येत नाही. आरसा म्हणून का होईना, कुणी पाहिलं तर बरं वाटतं.

माझा जन्म एका बंद भांड्यात झाला. त्यातली सगळी हवा आधी ओढून काढली होती. तिथे माझ्या काचेवर पातळ थर चढवले गेले. एकावर एक, एकावर एक, इतके की मोजता मोजता मी कंटाळलो. प्रत्येक थर इतका पातळ की त्याच्यापुढे कांद्याचा पापुद्राही जाड वाटावा. शेवटी पांढरे हातमोजे घातलेल्या एका मुलीने मला उजेडासमोर धरलं, यंत्रावरचा आकडा पाहिला आणि मान हलवली. मी पास झालो होतो. आयुष्यात एवढी एकच परीक्षा होईल असं मला तेव्हा वाटलं होतं.

आता माझं काम सांगतो. आकाशात दूरवर वायूचे प्रचंड ढग आहेत. त्यांना तेजोमेघ म्हणतात. त्यातला हायड्रोजन एका विशिष्ट लाल रंगात मंद चमकत असतो. तो उजेड हजारो वर्षं प्रवास करून आपल्यापर्यंत येतो आणि पोहोचतो कुठे, तर रस्त्यावरच्या दिव्यांच्या, दुकानांच्या पाट्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या गच्चीवरच्या बल्बच्या गर्दीत. बिचाऱ्याला कुणी विचारत नाही. तिथे मी उभा राहतो. त्या एका लाल रंगाला तेवढं मी आत सोडतो, बाकी सगळ्यांना दारातूनच परत पाठवतो. रस्त्यावरचा दिवा कितीही मोठा असो, माझ्याकडे त्याचा वशिला चालत नाही.

माझे पहिले मालक घड्याळं दुरुस्त करायचे. सगळे त्यांना घड्याळकाका म्हणत. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक काचेचं कपाट, एक बाक आणि त्या बाकावर वाकलेला एक पिवळा दिवा. त्या दिव्याखाली डोळ्याला भिंग लावून काका दिवसभर बारीक चाकं फिरवत बसत आणि आभाळ निरभ्र असलं की संध्याकाळी दुर्बीण घेऊन गच्चीवर जात. त्यांनीच माझं नाव लाल्या ठेवलं. पिवळ्या दिव्यासमोर मला डोळ्याला लावलं की सगळं गडद लाल दिसायचं, म्हणून. दुकानात कुणी ओळखीचा आला की काका मला डबीतून काढत आणि म्हणत, "जरा आमच्या लाल्यातून बघा." बघणारा "वा, वा" म्हणायचा आणि मी उगाचच फुगायचो.

काकांची शिस्त कडक होती. मला नेहमी कडेने धरायचं. काचेला बोट लावायचं नाही. धूळ बसली तर रबरी फुग्याने हवा मारायची, तोंडाने फुंकायचं नाही. "तोंडाने फुंकलं की थुंकी उडते," ते म्हणायचे, "आणि माझी कवळी बसवल्यापासून तर तुषार सिंचनच होतं."

ती कवळी बनवणारी ताई हीच माझ्या गोष्टीतली दुसरी मालकीण.

ताई कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर लोकांच्या हिरड्यांची मापं पाठवायचे आणि ताई आपल्या छोट्या कारखान्यात मेण, साचे, गुलाबी माल आणि कानस घेऊन त्यांचे दात घडवायची. एकदा ती बंद पडलेलं घड्याळ घेऊन काकांच्या दुकानात आली आणि बाकाच्या वर लावलेला फोटो बघत उभीच राहिली. तो मी आणि काकांनी मिळून काढलेला तेजोमेघाचा फोटो होता. "हे तुम्ही काढलंत? इथून? या गल्लीतून?" तिने विचारलं. काका म्हणाले, "नाही, गच्चीतून. गल्लीत रिक्षा मध्ये येतात."

झालं. त्या दिवसापासून ताई काकांची शिष्या झाली. हळूहळू तिने स्वतःची दुर्बीण घेतली, मग पाठीला पंखा असलेला थंडगार कॅमेरा घेतला. ऑक्सिजनचा निळसर-हिरवा उजेड गाळणारा एक फिल्टरही घेतला. तो माझ्यापेक्षा नवा, म्हणून मी त्याला धाकटा म्हणतो. हायड्रोजनसाठी मात्र तिच्याकडे कुणी नव्हतं.

त्याच सुमारास काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. घड्याळातली चाकं एकाची दोन दिसू लागली. एक दिवस त्यांनी मला ताईच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "ऑपरेशन होईपर्यंत हा तुझ्याकडे असू दे. बसून गंजण्यापेक्षा काम करेल. पण पोरी, जपून हं. मला असा दुसरा मिळायचा नाही."

"काका, जिवापेक्षा जपेन," ताई म्हणाली. आणि तिने खरंच जपलं. तुम्ही हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ या जपण्यातूनच झाला.

त्या हिवाळ्यात ताईने गुलाबाच्या फुलासारखा दिसणारा एक तेजोमेघ निवडला. तो मृगाच्या शेजारी असतो. धाकट्याने त्याचा ऑक्सिजन टिपायचा आणि मी हायड्रोजन, मग दोन्ही जोडून एक फोटो करायचा, असं ठरलं. "काकांना ऑपरेशननंतर पहिला हाच फोटो दाखवायचा," ताई तिच्या धाकट्या दिराला म्हणाली. "नव्या डोळ्यांनी."

हा दीर इलेक्ट्रिशियन होता. ताई त्याला भाऊजी म्हणायची, म्हणून मीही भाऊजीच म्हणतो. माणूस लाखात एक, पण कुणाच्या घरी गेला की आधी छताकडे बघायचा आणि म्हणायचा, "हा दिवा बदलायला झालाय."

आता एक छोटी गोष्ट समजून घ्या. माझ्यावर किंवा कॅमेऱ्याच्या काचेवर धुळीचा कण बसला तर फोटोत त्याचं गोल भूत उमटतं. ते घालवण्यासाठी एक कोरा फोटो काढावा लागतो. म्हणजे दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणायचं आणि सारख्या उजेडाचा फोटो काढायचा. कुठे काय डाग आहे ते त्यात दिसतं आणि कॉम्प्युटर खऱ्या फोटोतून तेवढे डाग काढून टाकतो. ताई हा कोरा फोटो उजाडता उजाडता काढायची. उशीचा जुना अभ्रा दुर्बिणीला बांधायचा आणि पहाटेच्या आभाळाकडे तोंड करायचं. त्या अभ्र्यातून गाळून येणारा सकाळचा उजेड मला फार आवडायचा.

ताईला पहाटे उठताना पाहून भाऊजींना वाईट वाटलं. एका रविवारी ते पिशवी भरून सामान घेऊन आले. घरातले सगळे पिवळे दिवे काढून त्यांनी नवे पांढरे एलईडी दिवे लावले. शिवाय त्याच एलईडीच्या पट्ट्या एका पांढऱ्या फळीमागे चिकटवून ताईसाठी उजेडाची पाटी बनवली. "वहिनी, आता पहाटे उठायचं नाही. ही दुर्बिणीसमोर धरायची, बटण दाबायचं, तुमचा कोरा फोटो तयार!"

नेमकं त्याच दुपारी ताईला माझ्यावर दवाचा एक डाग दिसला. हवा मारून तो जाईना. तिने कारखान्यातलं कवळ्या पुसायचं स्पिरिट कापसावर घेतलं आणि मला पुसलं. हलक्या हाताने, गोल गोल, जशी काकांची कवळी पुसली असती तसं. डाग गेला. मला स्पिरिट थंड लागलं, एवढंच. मी स्वच्छ झालो होतो आणि खूश होतो.

संध्याकाळी ताईने नव्या पाटीसमोर धाकट्याचा कोरा फोटो काढला. झकास आला. मग माझा काढला. तो जवळजवळ काळा आला.

ताईचा चेहरा उतरला. तिने पुन्हा काढला. पुन्हा काळा. तरीही ती नेटाने कामाला लागली, मी आणलेला तेजोमेघाचा उजेड घेतला आणि तो काळवंडलेला कोरा फोटो त्याला जोडला. जे तयार झालं त्यात गुलाब नव्हता, गिरणीतून पीठ उडाल्यासारखी नुसती खरखर होती. ताईने मला कॅमेऱ्यातून काढलं, स्वयंपाकघरात नेलं आणि छताच्या दिव्यासमोर डोळ्याला लावलं. याच स्वयंपाकघरात तिने माझ्यातून लाल गोळा कितीदा पाहिला होता. आज तिला काहीच दिसलं नाही.

"गेला," ती पुटपुटली. "मी पुसून टाकलं त्याला. काकांचा लाल्या मी पुसून टाकला."

मित्रांनो, मला तेव्हा किती ओरडावंसं वाटलं म्हणून सांगू! अगं ताई, मी ठणठणीत आहे. दिवा बदललाय, मी नाही बदललो. आत तार तापून पेटणाऱ्या जुन्या पिवळ्या दिव्यात माझा लाल रंग भरपूर असतो. या नव्या पांढऱ्या दिव्यात तो नावालाच असतो. जो रंग दिव्यातच नाही तो मी आणू कुठून? पण काचेला तोंड नसतं. 

ताईने मला कापसात गुंडाळलं आणि कारखान्यातल्या एका निळ्या डबीत ठेवलं. ही डबी म्हणजे कवळी ठेवायची डबी. मग वरचा खण उघडून तिने मला आत सरकवलं. अंधार झाला. डोळे सरावल्यावर कळलं की शेजारी अगदी तशीच दुसरी निळी डबी आहे. तिच्यात काकांचे नवे दात होते.

त्याचं असं झालं होतं. काकांची जुनी कवळी हातातून पडून दुभंगली होती, म्हणून ताई त्यांना नवी बनवून देत होती. ती तयारही झाली होती. पण कवळी द्यायला जायचं म्हणजे काकांच्या समोर उभं राहायचं. आणि समोर उभं राहिलं की लाल्याचा विषय निघणार. काय सांगायचं? जिवापेक्षा जपेन म्हणाले होते, आणि कवळीच्या स्पिरिटने पुसला?

म्हणून ताई जाईना. मध्येच काकांचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तरी ती गेली नाही. फोनवर विचारपूस केली आणि लगेच ठेवला. काकांचा फोन यायचा तेव्हा खणातून मला फक्त ताईचं बोलणं ऐकू यायचं. "हो काका, होतेच आहे. जराशी घासायची राहिलीय. या आठवड्यात नक्की." घासायचं काहीएक राहिलं नव्हतं. ते दात माझ्या शेजारी पडून चकाकत होते आणि तिकडे काका दुधात पाव बुडवून खात होते. काकांनी माझं नाव एकदाही काढलं नाही. त्यामुळे ताईला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दुर्बिणीवर कापड पडलं. कॅमेरा खोक्यात गेला. धाकटा एकटाच कुठेतरी ठेवला गेला. हिवाळा सरत आला होता. गुलाबाचा तेजोमेघ रोज थोडा थोडा पश्चिमेला सरकत होता आणि लवकरच तो महिनोन्‌महिने दिसेनासा होणार होता. खणात पडल्या पडल्या मला वाटायचं, आपलं आयुष्य आता दातांच्या संगतीतच जाणार. दात स्वभावाने वाईट नव्हते, पण त्यांच्याशी बोलायला विषय नव्हता.

शेवटी एक दिवस ताईने मनाचा हिय्या केला. अर्धाच केला, असं म्हणू. स्वतः जायचं नाही, पण दात पाठवायचे. डॉक्टरांकडचा माणूस मापं घेऊन आला होता, ताईचे हात मेणात होते आणि भाऊजी बाहेर निघाले होते.

"भाऊजी, जाता जाता काकांचे दात देऊन याल? वरच्या खणात निळी डबी आहे बघा."

खण उघडला. भाऊजींनी दोन निळ्या डब्या पाहिल्या असतील की नाही, देव जाणे. हाताला आली ती उचलली आणि खिशात टाकली. मी त्यांच्या खिशात पेचकस आणि चिकटपट्टीच्या मध्ये दाबला गेलो. कुठे चाललोय हे मला कळत होतं.

"काका, दात आणलेत!" भाऊजींनी दुकानात शिरताच जाहीर केलं. आणि सवयीप्रमाणे पुढे म्हणाले, "आणि हा दिवा बदलायला झालाय."

"तो उडाला की बघू," काका म्हणाले. दात नसल्यामुळे शब्द शिट्टीसारखे बाहेर पडत होते. "तू म्हणतोस म्हणून तो मुद्दाम उडत नाही. आण, दात आण. आज काहीतरी कडक खातो."

डबी उघडली. कापूस बाजूला झाला. काका क्षणभर बघत राहिले.

"अरे, माझे दात एवढे गोल कधी झाले?"

भाऊजी ओशाळले. "अरेच्चा! हे काय आलं?"

पण काकांचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतंच. "लाल्या!" ते म्हणाले. मला त्यांनी चिमट्यासारख्या दोन बोटांत, अगदी कडेने धरलं. ती बोटं मी ओळखली. मग त्यांनी मला पिवळ्या दिव्यासमोर नेऊन डोळ्याला लावलं. नव्या, धुतल्यासारख्या स्वच्छ डोळ्याला.

मित्रांनो, तो जुना तारेचा दिवा माझ्यातून आत शिरला आणि मी भरभरून लाल झालो.

"बाप रे," काका हळूच म्हणाले. "हा इतका लाल होता? मला वाटायचं हा मातकट आहे. तो माझा डोळा मातकट होता होय!" आणि ते बोळकं पसरून हसायला लागले.

एवढ्यात ताई धावत आली. खणात काकांचे दात तसेच दिसले तेव्हा तिला उमगलं होतं की गेलं ते काय गेलं. अंगावर कारखान्याचा पांढरा झगा तसाच, बोटांना मेण तसंच आणि हातात दुसरी निळी डबी. मला काकांच्या डोळ्यापाशी बघून ती दारातच थांबली.

"काका," ती म्हणाली. "काका, मी तो बिघडवला. मी त्याला स्पिरिटने पुसलं, त्याचा थर निघाला. म्हणून मी येत नव्हते. मला माफ करा."

"काय बिघडवलं?"

"लाल्या."

 काकांनी तिला बाकाशी ओढलं, मला तिच्या हातात दिलं आणि दिव्याकडे बोट केलं. ताईने मला डोळ्याला लावलं. लाल गोळा माझ्यात नाचू लागला.

"दिसतंय," ती म्हणाली. "काका, दिसतंय!"

"न दिसायला काय झालं? आणि मला सांग, मोठी फोटो काढणारी. थर निघाला असता तर उजेड जास्त आला असता की कमी?"

 ताई हळूच म्हणाली, "जास्त."

"मग काळा फोटो कसा येईल? घाबरलं की माणसाला एवढंही सुचत नाही."

मग दोघांनी मिळून सगळं मागे मागे जाऊन पाहिलं. तो रविवार, ते नवे दिवे, ती उजेडाची पाटी. भाऊजी कोपऱ्यात उभे राहून ऐकत होते आणि त्यांचा चेहरा लांब होत चालला होता.

"म्हणजे," ते शेवटी म्हणाले, "हे सगळं माझ्या दिव्यांमुळे?"

"दिवे चांगलेच आहेत रे," काका म्हणाले. "लाल्याच्या कामाचे नाहीत, एवढंच. पण माझ्या दिव्याला आता हात लावलास तर बघ."

तिघेही हसले. ताई हसता हसता रडत होती आणि नाक झग्याच्या बाहीला पुसत होती. मग काका गंभीर झाले.

"दात नव्हते ते चाललं गं," ते म्हणाले. "दुधात पाव बुडवून माणूस जगतो. डोळ्यावरची पट्टी काढली, सगळं लख्ख दिसायला लागलं, आणि तू काही दिसली नाहीस. ते नाही चाललं. मला वाटलं, पोरगी म्हाताऱ्याला कंटाळली."

हे सगळं बिनदाताचं, शिट्ट्या वाजवत आलं, पण कुणालाही हसू आलं नाही.  ताईने दुसरी डबी उघडली, काकांना खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "आ करा." नवे दात बसवले. "आता चावून दाखवा. दुखतंय कुठे?" काकांनी दोनदा चावून पाहिलं आणि मान हलवली. कुठेही दुखत नव्हतं.

गुलाब अजून पुरता मावळला नव्हता. त्याच आठवड्यात मी कॅमेऱ्यात पुन्हा माझ्या जागी बसलो. धाकटा शेजारी होताच. ताईने पहाटे उठून उशीचा अभ्रा दुर्बिणीला बांधला आणि माझा कोरा फोटो अगदी स्वच्छ आला. भाऊजी त्या पहाटे मुद्दाम उठून आले होते आणि अभ्र्याचं एक टोक धरून उभे होते. फोटो तयार झाला तेव्हा काकांनी तो नव्या डोळ्यांनी पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि मग मला परत न्यायचं सोडून ताईला म्हणाले, "ठेव तुझ्याकडेच. मात्र महिन्यातून एकदा त्याला माझ्या दिव्याखाली घेऊन येत जा." ताई येते. माझ्या निमित्ताने येते आणि पुष्कळ वेळ बसते.

आता मी म्हातारा झालो आहे. कड्याचा रंग उडाला आहे, काठाला एक बारीकसा टवका गेला आहे. पण आजही कुणी मला तारेच्या दिव्यासमोर धरलं की मी तितकाच लाल होतो.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. काच असो, यंत्र असो, कुणाचंही असो, जपून वापरा आणि कडेने धरा. ते बिघडलं असं वाटलं तर आधी दुसऱ्या दिव्याखाली धरून बघा. आणि ते दुसऱ्याचं असेल तर भीतीपोटी खणात लपवून ठेवू नका. तुम्ही वस्तू लपवता, पण वाट बघत बसतो तो माणूस. ज्याचं आहे त्याच्यासमोर जा आणि डबी उघडा. डबी चुकीची निघाली तरी हरकत नाही, असा माझा अनुभव आहे.